टाकीत काय घातलेस?

चकलीच्या भाजणीत काय काय आहे, हे घरातल्या बाईला विचारले तर ती न अडखळता सांगते: तांदूळ इतके, हरभऱ्याची डाळ इतकी, उडदाची इतकी, वर धने-जिरे. चकली मऊ पडली तर चूक कुठे झाली, हेही तिला नेमके ठाऊक असते. पण त्याच घराच्या दाराशी उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत काय आहे, असे कोणाही घरधन्याला विचारून पाहा. "पेट्रोल!" एवढेच उत्तर येईल. हे उत्तर गेल्या शंभर वर्षांत क्वचितच पुरते खरे होते. पेट्रोलात कोणी ना कोणी काही ना काही मिसळीत आलेले आहे. कधी आपण स्वतः, कधी कारखानदार, कधी सरकार, तर कधी चोर. त्या मिसळणीची ही हकीकत आहे, आणि तिचा आरंभ मला माझ्याच एका लबाडीपासून केला पाहिजे.

साल १९७८. आमचे बिऱ्हाड तेव्हा मुलुंडला होते. नंबर लावून कित्येक वर्षे वाट पाहिल्यावर अण्णांना स्कूटर मिळाली होती. त्या काळी स्कूटर म्हणजे तरुण पोरांचे वाहन नव्हे, अख्ख्या कुटुंबाचे. अण्णा हँडलवर, त्यांच्या दोन्ही हातांच्या मध्ये पुढच्या फळीवर मी उभी, मागे आई एका बाजूला पाय सोडून बसलेली आणि तिच्या मांडीवर धाकटा भाऊ. सर्कशीतल्या माणसांनी हेवा करावा असा तो डोलारा पवईमार्गे अंधेरीला माझ्या आत्याकडे जात असे.

हल्लीच्या मुलांना सांगितले पाहिजे की, त्या स्कूटरच्या टाकीत नुसते पेट्रोल घालून चालत नसे. मोटारीच्या इंजिनात वंगण तळाशी निराळे साठवलेले असते आणि तिथून ते सगळीकडे खेळते. दोन फेऱ्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात ही सोय नव्हती. तिथे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण इंजिनाच्या पोटातूनच वर जाई. म्हणून वंगण पेट्रोलातच विरघळवून द्यावे लागे. जाता जाता ते पिस्टनला माखायचे आणि शेवटी पेट्रोलाबरोबर जळून निळसर धूर होऊन बाहेर पडायचे. आमच्या स्कूटरला प्रमाण शंभराला दोन, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर. पंपावर तयार मिश्रण मिळे, पण अण्णांचा पंपावरच्या मापावर विश्वास नव्हता. ते ऑइलचा डबा घरी ठेवीत. खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीवर त्यांनी ब्लेडने खुणा केल्या होत्या. त्या खुणेपर्यंत ऑइल मोजायचे, टाकीत ओतायचे आणि मग अण्णांनी स्कूटर दोन्ही बाजूंना गदगदा हलवायची, हा आमच्या घरचा कुळाचारच होता. नऊ वर्षांची झाल्यावर माप घालण्याचा मान माझ्याकडे आला. मुंज झाल्याइतका आनंद मला झाला होता!

त्या वर्षी भाऊबीजेच्या आदल्या रात्री अण्णांनी रिकामी होत आलेली टाकी चार लिटर पेट्रोल घालून भरून आणली. पंप हाकेच्या अंतरावर, तेव्हा ऑइल सकाळी घालू असे ठरले. सकाळी मी चार लिटरांचे ऐंशी मिलिलिटर मोजून बाटली घेऊन निघाले. नवा परकर होता. तो पायात आला आणि बाटली दारापुढच्या रांगोळीवर उपडी झाली. आईने पहाटे काढलेले कमळ तपकिरी झाले. डबा उंच फळीवर होता, ऑइल महाग होते आणि आत अण्णा दाढी करीत होते. मी त्या डागावर मूठ-दोन मुठी रांगोळी टाकली, पुसून घेतले आणि नवे कमळ काढले. "घातलेस का गं ऑइल?" अण्णांनी आतून विचारले. "घातले, अण्णा."

त्यांनी स्कूटर नेहमीप्रमाणे हलवली. नुसतेच पेट्रोल आत डुचमळले.

आग्रा रोडवरून (नाव बदलले होते, पण जुन्या माणसांच्या जिभेवर तेच होते) आम्ही पवईच्या चढाला लागेपर्यंत काही झाले नाही. टाकीच्या तळाशी उरलेल्या जुन्या मिश्रणाने तेवढी लाज राखली असावी. चढावर मात्र इंजिनाचा आवाज कोरडा झाला. मग एक चिरका आवाज आला आणि मागचे चाक एकदम आवळले. अण्णांनी क्षणात क्लच दाबला म्हणून आम्ही चौघे रस्त्यावर सांडलो नाही. पिस्टन जाम झाला होता. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो आणि मध्ये वंगणाचा पापुद्रा नसला की लोखंडी सिलिंडरच्या भिंतीला घट्ट धरून बसतो, हे अण्णांनी मला पुढे चित्र काढून समजावले. त्या वेळी त्यांनी फक्त टाकीचे झाकण उघडून बोट बुडवले, ते बोटाला लावून पाहिले आणि माझ्याकडे वळून विचारले, "टाकीत काय घातलेस?"

तलावाच्या काठी, भाऊबीजेच्या उन्हात, मी सगळे सांगितले.

अण्णा रागावले नाहीत. ते म्हणाले, "सांडले तर दुसरे घालता येते. पण सांगितलेच नाहीस, तर मी काय घालणार?"

तासाभराने इंजिन निवले आणि किक हलू लागली. एक रिक्षावाला थांबला, सीटखालून त्याने स्वतःची ऑइलची बाटली काढली आणि आमच्या टाकीत ओतली. "आज भाऊबीज आहे, वहिनी," असे आईला म्हणाला आणि पैसे न घेता गेला. आम्ही रखडत अंधेरीला पोचलो तेव्हा आत्याच्या ओवाळणीच्या ताटातले निरांजन विझून दोनदा लावून झाले होते. पुढे सिलिंडर बोअर करून घ्यावा लागला आणि त्या महिन्यात आमच्याकडे दूध निम्मे येत होते, हे मला आईने पुष्कळ वर्षांनी सांगितले.

त्या रिक्षावाल्याची बाटली मात्र पुढे इतिहासात गेली. मुंबईत रिक्षा फक्त उपनगरांतच धावतात. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथे त्या काळी हजारो टू-स्ट्रोक इंजिने दिवसभर धूर ओकीत असत. इंजिन जाम होऊ नये म्हणून पुष्कळ चालक ठरल्याहून जास्त ऑइल घालीत. इंजिन वाचे आणि तेवढा धूर जास्त होई. हा प्रश्न अखेर कोर्टात गेला. धुराने त्रस्त झालेल्या रहिवाशांच्या अर्जावरून १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने हे प्रकरण हाती घेतले, परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्यानंतरच्या वर्षांत मुंबईच्या रिक्षा-टॅक्सी नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर आल्या. संध्याकाळी स्टेशनबाहेर तरंगणारा तो निळा ढग आता आठवणीतच उरला आहे.

पण निळा धूर निदान दिसत तरी होता. आम्ही ऑइल थेंबाथेंबाने मोजीत होतो तेव्हा त्याच पेट्रोलात आणखी एक वस्तू आधीच घातलेली होती. ती दिसत नव्हती आणि तिच्याविषयी आम्हाला कोणी कधी सांगितलेही नव्हते. ती वस्तू म्हणजे शिसे.

तिची गोष्ट फार दूर, अमेरिकेत सुरू होते. पेट्रोल इंजिनात वेळेआधीच भडकले की आतून हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो. आपले मेस्त्री त्याला 'नॉकिंग' म्हणतात. त्यावर उपाय शोधणाऱ्या टॉमस मिजली नावाच्या संशोधकाला १९२१ च्या डिसेंबरात टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. गॅलनभर पेट्रोलात ते चमचाभर घातले तरी ठोका बंद! फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन गावच्या एका पंपावर ते प्रथम विक्रीस आले. शिसे विषारी आहे हे रोमन लोकांच्या काळापासून माहीत होते. म्हणून विकणाऱ्यांनी काय करावे? त्यांनी नावातून 'शिसे' हा शब्दच काढून टाकला आणि मालाला 'इथिल' असे मुलीसारखे गोड नाव दिले. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मिजलीने पत्रकारांपुढे ते हातांवर ओतून आणि त्याची वाफ हुंगून दाखवली. तो स्वतः शिशाच्या विषबाधेतून नुकताच उठला होता, हे त्याने पत्रकारांना सांगितले नाही. ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरीणबाईंनी जाहीर विरोध केला. थोडे दिवस विक्री थांबली आणि मग जगभर सुरू झाली.

आपल्याकडेही तेच झाले. तुर्भ्याला १९५४ आणि १९५५ साली दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. एक स्टॅनव्हॅकचा, दुसरा बर्मा-शेलचा. सत्तरीच्या दशकात ते सरकारच्या मालकीचे झाले. चेंबूरकडे पाहिले की रात्री त्यांची ज्योत दिसे, आणि लहानपणी मला ती कायमची दिवाळीच वाटे. पेट्रोलाला हवा तो गुण यावा म्हणून शिसे मिसळण्याची पद्धत इथेही होती. मुंबईच्या रस्त्यांवर पुढच्या गाडीच्या धुरातून ते बाहेर पडे, आणि स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभ्या असलेल्या मुलीचे नाक त्या धुराच्या बरोबर उंचीवर असे. मी अण्णांच्या हातांच्या मध्ये सर्वांत सुरक्षित जागी उभी आहे, असे आईला वाटत होते.

शिसे मुलांच्या मेंदूवर परिणाम करते, त्यांची बुद्धी आणि लक्ष मंद करते, हे सत्तरीच्या दशकापर्यंत शास्त्रज्ञांना पुरते कळले होते. तरी ते पेट्रोलातून निघाले ते आधी यंत्राच्या दयेपोटी. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचे उपकरण शिशाने निकामी होते. त्यामुळे ज्या देशाने ते उपकरण गाड्यांना सक्तीचे केले, त्याला बिनशिशाचे पेट्रोल आणावेच लागले. आपल्याकडे १९९४ च्या जूनमध्ये मुंबईसह चार महानगरांत कमी शिशाचे पेट्रोल आले. १ एप्रिल १९९५ पासून तिथल्या नव्या गाड्यांसाठी बिनशिशाचे आले, आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसे बंद झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २००२ साली, मुंबईतील सुमारे साडेसातशे मुलांचे रक्त तपासण्यात आले. तेव्हाही त्यांतल्या सुमारे एक-तृतीयांश मुलांत शिशाचे प्रमाण त्या वेळच्या धोक्याच्या रेषेवर होते. शिसे बंद होण्यापूर्वीच्या तपासणीत असे प्रमाण निम्म्याहून अधिक मुलांत आढळले होते. जगातला शिशाच्या पेट्रोलाचा शेवटचा पंप अल्जीरियात २०२१ साली बंद झाला. जवळजवळ शंभर वर्षे गेली! माझी लबाडी पवईच्या चढापर्यंतच टिकली होती.

या गोष्टीतला सर्वांत चटका लावणारा भाग पुढेच आहे. ठोका बंद करण्याचे काम साधा मद्यार्कही करतो, हे मिजलीला आणि त्याच्या वरिष्ठांना ठाऊक होते. पण मद्यार्क कोणीही शेतकरी गाळू शकतो, त्याचे पेटंट घेता येत नाही. शिशाचे घेता येते.

मद्यार्क म्हणजे आपल्या ओळखीचाच गृहस्थ. उसाच्या मळीपासून तो निघतो आणि महाराष्ट्रात उसाला तोटा नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलाचे रेशनिंग झाले, मोटारींच्या पाठीला कोळशाच्या वायूच्या भट्ट्या जोडाव्या लागल्या, तेव्हा या मळीच्या इंधनाची आठवण आपल्या राज्यकर्त्यांना झाली. १९४८ साली पेट्रोलात मद्यार्क मिसळण्याचा कायदाही झाला. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग कारखान्यांची रांगच लागली, मळीचे डोंगर साठले. पण परदेशी तेल स्वस्त होते आणि तो कायदा निजून राहिला. २००० साली तो रद्दही झाला. लगेच पुढच्या वर्षी सरकारने मिरज आणि मनमाड इथे पेट्रोलात शंभराला पाच मद्यार्क मिसळण्याचा प्रयोग सुरू केला! सरकारी कामात असे विनोद अधूनमधून होतात. असो. २०२२ साली हे प्रमाण शंभराला दहा झाले आणि २०२५ साली वीस.

मद्यार्काचा धूर शिशासारखा घातकी नाही. परदेशी तेलाचा खर्च वाचतो आणि ऊसवाल्याला दाम मिळतो, हेही खरे. पण त्याचेही स्वभावदोष आहेत. एका लिटरात पेट्रोलाच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच शक्ती असल्याने गाडी थोडी कमी पळते. जुन्या धाटणीच्या मोटारींत ही घट शंभराला सहा-सात आणि दुचाक्यांत तीन-चार धरावी, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर त्याने खराब होऊ शकतात. शिवाय तो पाणी ओढून घेतो. आपल्या पावसाळ्यात फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी आणि मद्यार्क मिळून तळाशी निराळे बसू शकतात. जुन्या गाड्यांसाठी मद्यार्काविना पेट्रोलही मिळावे, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तो १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळला गेला. ऊस पाणी किती पितो, हा निराळा लेख होईल.

मनमाडचे नाव आले की मात्र मला पुढे एकदम जाता येत नाही. त्याच मनमाडजवळ, २५ जानेवारी २०११ रोजी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळवाल्यांनी भर दिवसा रॉकेल ओतून जाळून मारले. रेशनचे रॉकेल गरिबाच्या चुलीसाठी स्वस्त असे. ओळखता यावे म्हणून त्यात निळा रंग घालीत. तो रंग उडवून ते पेट्रोल-डिझेलात मिसळायचे आणि मधला फरक खिशात टाकायचा, हा धंदा होता. सोनवणे यांना वाटेत तो होताना दिसला आणि त्यांनी गाडी थांबवून विचारणा केली. टाकीत काय घालता आहात, हे विचारण्यापायी या महाराष्ट्रात एका माणसाचा जीव गेला आहे. प्रजासत्ताक दिनाची ती आदली दुपार होती.

चोर मिसळतो ते नफ्यासाठी, आणि गिऱ्हाईक मिसळतो ते आशेपोटी. शंभराचे पेट्रोल दीडशेइतके पळावे, अशी आशा कोणाला नसते? १९९६ साली तमिळनाडूच्या रामर पिळ्ळै नावाच्या इसमाने पाण्यात झाडपाला उकळून पेट्रोल करून दाखवले, तेव्हा मोठमोठ्या माणसांचे डोळे दिपले. शेवटी गुपित होते ते ढवळायच्या पोकळ काठीत! काठीच्या टोकाचे मेण उष्णतेने वितळले की आत लपवलेले इंधन भांड्यात उतरे. २०१६ साली त्याला शिक्षा झाली.

हे सगळे मला आठवले ते यंदा दसऱ्याला. मुलाच्या नव्या मोटारीतून आम्ही मुलुंडच्या पंपावर थांबलो होतो. पेट्रोल भरणाऱ्या मुलाने एक देखणी छोटी बाटली पुढे केली. "साहेब, हे घाला. इंजिन साफ, पिकअप डबल, मायलेज वाढेल." मुलाने माझ्याकडे पाहिले. "घालू का गं, आई?"

मी चष्मा लावून बाटली उलटसुलट पाहिली. अशा बाटल्या सगळ्याच फसव्या नसतात. काहींत खरोखर धुवून काढणारे द्रव्य असते आणि जुन्या इंजिनाच्या नळीतोंडाशी साठलेली काजळी ते काढते. पण चांगल्या पेट्रोलात असे द्रव्य बहुधा आधीच असते. ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटलीचा उपयोग इंजिन ठोकत असेल तरच. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलाची ताकद नसून त्याचा संयम, वेळेआधी न भडकण्याचा. ज्याला संयमाची गरज नाही त्याला तो पाजून काय होणार? आणि 'डबल' करणारे तर काहीच नसते. बाटलीवर चित्ता होता, वीज होती, पळणारी गाडी होती. आत काय आहे, ते मात्र कुठेच लिहिलेले नव्हते.

"यात काय आहे रे?" मी त्या मुलाला विचारले.

तो हसला. "काय की, आजी. चांगलं असतं."

मी बाटली परत दिली. मागच्या सीटवर माझी नात उठून उभी राहिली होती, खिडकीच्या काचेला नाक लावून. तिला मी खाली बसवले आणि पट्टा बांधला. घरी गेल्यावर तिला भाजणी मोजायला बसवायची होती, सांडली तर सांगायचे, असे आधीच बजावून.